जुन्या काचसामानाची ‘तज्ज्ञ तपासणी’: ५२,६५० रुपये आणि वीस नग गेले

वाईच्या आमच्या जुन्या घरातील काचेच्या आणि चिनी मातीच्या वस्तू ऑनलाइन विकण्यापूर्वी त्या नेमक्या कुठल्या आणि केव्हाच्या आहेत एवढेच मला जाणून घ्यायचे होते. त्या चौकशीतच माझे ५२,६५० रुपये गेले आणि वस्तूही गेल्या. अशा फसवणुकीची साधारण पद्धत आता सर्वांना ठाऊक आहे. आधी गोड बोलणे, मग शुल्क, मग अनामत, मग आणखी एक शुल्क. ती मी पुन्हा समजावून सांगत नाही. जुन्या वस्तूंच्या बाबतीत ही माणसे कोणत्या फटीतून आत शिरतात, ते मात्र लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण घरे रिकामी करणारी आमच्यासारखी कुटुंबे आज गावोगावी आहेत.

घर विकायचे ठरल्यावर आजेसासूबाईंच्या कपाटातील सामान विकून पैसे वाटून घ्यावेत असे दीर आणि नणंद यांच्याशी बोलून ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. चौदा नगांचा चहाचा संच, चार मोठ्या बशा, हिरवट पिवळ्या काचेचा एक वाडगा आणि माजघरात टांगलेली काचेची हंडी, अशा त्या वीस वस्तू होत्या. छायाचित्रे टाकल्यावर एका गृहस्थाने संपर्क साधला. अतिशय शुद्ध, नम्र मराठी, प्रत्येक वाक्यात ‘काकू’, आणि घाई अजिबात नाही.

त्याने सुरुवातीला जे सांगितले ते खरे होते, हे मी मुद्दाम नोंदवते. बशांच्या तळाशी असलेला स्फिंक्सचा ठसा हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथील पेट्रुस रेगू यांच्या कारखान्याचा आहे, असे तो म्हणाला आणि मी स्वतः शोधून पाहिले तेव्हा ते बरोबर निघाले. वाडग्यावर नोटा तपासण्याचा अतिनील दिवा अंधारात धरायला त्याने सांगितले, तेव्हा तो वाडगा झगझगीत हिरवा दिसला. काचेत युरेनियम मिसळले असेल तर असेच होते. दोन गोष्टी पडताळून खऱ्या ठरल्यावर तिसरीवर विश्वास ठेवला म्हणून मला कोणी भोळी म्हणू नये. डॉक्टरचे निदान दोनदा बरोबर आले की तिसऱ्यांदा आपण त्याच्याकडेच जातो.

त्यानंतर त्याने लोभ आणि भीती दोन्ही एकदमच पुढे केली. परदेशातील एक संग्राहक सगळ्या वस्तूंचे ३,४०,००० रुपये देण्यास तयार आहे. मात्र वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुन्या असल्यामुळे १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याखाली प्रमाणपत्र घ्यावे लागेल, आणि युरेनियमची काच विनापरवाना घरात ठेवणे गुन्हा असून आरोग्यासही धोकादायक आहे, असे त्याने सांगितले. अशा काचेत युरेनियमचे प्रमाण फार थोडे असते आणि जगभर लोक ती उघडपणे विकत घेतात, विकतात आणि कपाटात मांडतात, हे मला नंतर कळले. तपासणी आणि प्रमाणपत्र यांचे ६,५०० रुपये मी यूपीआयने दिले. एक तरुण येऊन वस्तू खोक्यात भरून घेऊन गेला आणि शिक्का मारलेली पावती देऊन गेला. पावतीवर ‘जुने काचसामान व चिनी माती, २० नग’ एवढेच लिहिले होते. अशी पावती कोणीही स्वीकारू नये. प्रत्येक नगाचा ठसा, रंग, तडा आणि टवका तिच्यावर लिहून घ्यावा, आणि तळाची छायाचित्रे काढल्याशिवाय एक बशीसुद्धा घराबाहेर जाऊ देऊ नये.

मग मोबाइलवर तपासणी अहवाल आला. तो क्षण आठवला की आजही माझा संताप अनावर होतो. चहाच्या संचापुढे ‘मेइजी काळ, जपान, सुमारे १९००’ असे लिहिले होते आणि त्याच पानावर, त्या ओळीच्या खालीच, कपाच्या तळाचे मोठे छायाचित्र होते. त्यावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ हा ठसा स्वच्छ वाचता येत होता. मेइजी काळ १९१२ मध्ये संपला. जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता तो १९४५ ते १९५२ या काळात, आणि तो ठसा त्याच वर्षांतील निर्यातीच्या मालावर मारला जात असे. म्हणजे तो संच शंभर वर्षांचा असणे शक्यच नव्हते आणि पुरावस्तूचा कायदा त्याला लागूच होत नव्हता. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. जपानची शरणागती कोणत्या वर्षीची हे मला झोपेतही सांगता येते. पण घराचा ताबा देण्याची तारीख जवळ आली होती, नणंदेचे रोज फोन येत होते, आणि अहवालावर अशोकस्तंभासारखी दिसणारी मुद्रा होती. अशा वेळी माणूस आकडा वाचतो, ठसा वाचत नाही.

हंडीपुढे ‘बेल्जियम, १८५०’ असे लिहिले होते. तिच्यावर कोणतेही चिन्ह नव्हते. आपल्याकडे टांगलेल्या प्रत्येक काचेला बेल्जियमची म्हणण्याची पद्धत आहे, आणि ही माणसे नेमका तिचाच फायदा घेतात. तळेगाव दाभाड्याला पैसाफंडाचा काचकारखाना १९०८ मध्ये सुरू झाला, पुढे कराडजवळ ओगलेवाडीला काच बनू लागली. चिन्हाशिवाय देश आणि साल छातीठोकपणे सांगणाऱ्याला तेथेच थांबवावे. काच साच्यात दाबून केलेली असेल तर कडेला सांध्याची रेघ सापडते; फुंकून केलेली असेल तर पुष्कळदा तळाशी दांडी तोडल्याची खूण राहते. एवढे तरी घरच्या घरी पाहता येते.

अहवालानंतर विम्याची अनामत म्हणून १८,७५० रुपये आणि निर्यात शुल्क म्हणून २७,४०० रुपये त्याने घेतले, आणि नंतर त्याचा फोन बंद झाला. ज्या कायद्याचे नाव घेऊन त्याने पैसे उकळले, त्याच कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांच्याशिवाय कोणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे ‘पुरावस्तूचे निर्यात प्रमाणपत्र काढून देतो’ असे कोणी खासगी माणूस म्हणाला, तर तो खोटे बोलत आहे हे तेवढ्यावरूनच ओळखावे. परदेशी पाठवायच्या वस्तूसाठी ती पुरावस्तू नाही असा दाखला मिळतो, तो वेगळा.

फसवणाऱ्यापेक्षा नंतर भेटलेल्या कार्यालयांनी मला अधिक थकवले. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदली गेली आणि तिचा क्रमांक मिळाला. बँकेने सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकला, त्यामुळे व्यवहार तुमच्या संमतीचाच आहे. पोलीस ठाण्यात विचारले गेले की वस्तू तुम्ही आपल्या हाताने दिल्या, मग चोरी कशी? मी म्हणाले, चोरी नव्हे, फसवणूक. त्यावर या वस्तूंची खरेदीची पावती मागण्यात आली. आजेसासूबाईंनी घेतलेल्या कपबश्यांची पावती मी कोठून आणावी? सायबर विभाग म्हणे वस्तूंचा विषय ठाण्याचा, ठाणे म्हणे ऑनलाइन विषय सायबरचा, आणि त्यांपैकी एकाने माझ्यासमोर दुसऱ्याला ‘जुन्या बशांची केस’ म्हणून हसत सांगितले. ५२,६५० रुपये ही माझ्या निवृत्तिवेतनातून साठवलेली रक्कम होती आणि त्या बशांवर माझ्या दिराचा आणि नणंदेचाही हक्क होता. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याचे बंधन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने ठाण्यावर घातले आहे, आणि नकार मिळाल्यास ती माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. हे मला एकाही अधिकाऱ्याने सांगितले नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले, जो आता वकिली करतो. तसे पत्र मी पाठवले आहे. पैसे गेल्याचे लक्षात येताच, पहिल्या तासातच, १९३० वर फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाते आणि मग तक्रारीचा क्रमांक तेवढा आपल्याजवळ उरतो.

तो संच कुठे विक्रीला आलेला दिसला तर ओळखण्याची खूण देते. किटलीच्या झाकणाला आतून टवका उडालेला आहे, कप पाच आणि बशा सहा आहेत, आणि साखरदाणीच्या तळाशी लाल रंगाने मोडीत एक अक्षर लिहिलेले आहे. विकणाऱ्याशी भाव करू नये. पानाचे चित्र, दुवा आणि वेळ जपून ठेवून ते आधी पोलिसांकडे द्यावे.