न्यायालय की समिती?

छळ रोखायला युरोपात दोन दारं आहेत, दोन्ही स्ट्रासबर्गलाच. पहिलं मानवी हक्क न्यायालय. युरोपीय मानवी हक्क करारातलं छळबंदीचं कलम 3 तिथे चालतं. त्याला युद्धातही सूट नाही. पण आधी आपल्या देशातल्या न्यायालयांचे उंबरे झिजवायचे, शेवटच्या निकालानंतर 4 महिन्यांत अर्ज टाकायचा, मग वाट बघत बसायचं. निकाल मात्र सरकारवर बंधनकारक.

दुसरी छळ प्रतिबंधक समिती, 1987 च्या करारातली. तिला कुणाची तक्रार लागत नाही. भेटीची सूचना सरकारला दिली, की कुठल्याही तुरुंगात, पोलीस कोठडीत, मनोरुग्णालयात केव्हाही जाऊन तिथे डांबलेल्यांशी एकांतात बोलते. अहवाल मात्र सरकार हो म्हणालं तरच छापायचा. मला हे खटकतं. पण दारं उघडतात ती बहुधा त्यामुळेच.

खरी गंमत कोठडीला मोजायची टेप लावल्यावर कळते. सामायिक कोठडीत माणशी 4 चौरस मीटर हवेत, संडास वगळून, असं समिती सांगते. न्यायालयाने 2016 मध्ये क्रोएशियाविरुद्धच्या खटल्यात रेघ ओढली 3 वर. त्याखाली जागा गेली, की कलम मोडलं असंच धरून चालायचं. खोडून काढायची जबाबदारी सरकारची. 3 म्हणजे साधारण 32 चौरस फूट. त्यातच पलंगही आला. माझं मत समितीच्या आकड्याला.