लंडनहून पॅरिसला आईवडिलांना घेऊन: रेल्वे, विमान, बस की बोट?

मुलांकडे लंडनला आलेले आईवडील आठ-दहा दिवसांनी हमखास विचारतात, "इथवर आलोच आहोत, तर पॅरिस किती लांब?" लांब नाही, पण जायचं कसं यावर घरोघरी खल होतो. मी रेल्वेने, विमानाने आणि बसने, तिन्ही प्रकारे गेलो आहे. वय साठीच्या पुढचं असेल तर माझं मत रेल्वेला.

तिकीट बघताना विमान सव्वा तासाचं दिसतं आणि युरोस्टार ही लंडन-पॅरिस रेल्वे सव्वादोन तासांची. त्या आकड्यांवर जाऊ नका. घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत मोजा. हीथ्रो गाठायला तास, विमानाआधी दोन तास, शार्ल द गोल विमानतळावर पासपोर्टची रांग, मग आरईआर बी या लोकलने शहरात अर्धा-पाऊण तास. सहा तास सहज जातात. युरोस्टार लंडनच्या भर वस्तीतल्या सेंट पॅन्क्रसहून सुटते आणि पॅरिसच्या गार द्यु नोरला पोचते. तासभर आधी गेलात तरी सगळं मिळून साडेचार तास.

शिवाय फ्रेंच पोलीस पासपोर्ट लंडनलाच तपासतात, म्हणजे पॅरिसला उतरलं की थेट रस्त्यावर. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या फ्रान्ससारख्या युरोपीय देशांच्या, सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या खेपेला वेळ थोडा जास्त धरा. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी दार बंद होतं आणि मग विनवण्या करून उपयोग नसतो.

सामानाचं सुख तर फारच. माणशी ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि वर एक हातातली. वजनाचा काटा नाही. पाण्याची बाटली, लोणच्याची बरणी काढून टाकावी लागत नाही. मात्र ब्रिटनमधून फ्रान्समध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, मग रेल्वेने जा की विमानाने. पेढे आणि तूप लंडनलाच ठेवा. चिवडा, शंकरपाळे, थेपले खुशाल न्या. शंकरपाळ्यात दूध-तूप घातलं असेल तर तेही राहू द्या.

ही गाडी इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यातून जाते, त्याचं आकर्षण असतंच. आमच्या आईला कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा ठाऊक, साडेसहा किलोमीटरचा. हा ५० किलोमीटरचा, त्यातले ३८ समुद्राखाली. ती काचेला नाक लावून बसली होती आणि बाहेर वीस मिनिटं नुसता काळोख. पाणी दिसेल असं तिला कोणीतरी सांगितलं होतं! तुमच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

रेल्वेची खोट एकच, भाडं. दीड-दोन महिने आधी काढलंत तर ५० पौंडांच्या आसपास मिळू शकतं, आयत्या वेळी तेच २०० च्या घरात जातं. अशा वेळी, आणि तुम्ही हाउन्सलो-स्लाव भागात म्हणजे हीथ्रोच्या अंगणातच राहत असाल तर, विमान घ्यायला माझी हरकत नाही. ऑर्ली विमानतळावर उतरणारं मिळालं तर आणखी बरं; जून २०२४ पासून मेट्रोची १४ नंबरची लाइन थेट तिथपर्यंत जाते.

बस सगळ्यांत स्वस्त, बऱ्याचदा २०-३० पौंडांत. विद्यार्थ्यांनी जरूर जावं. मी आईला घेऊन गेलो, ते चुकलंच. बस जिथे बोटीत चढते त्या डोव्हर बंदराला रात्री दीडला दिवे लागले आणि सगळ्यांना पासपोर्टसाठी खाली उतरवलं. तिचे गुडघे आखडले होते. दाराच्या दांडीला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरली. मागे माणसं खोळंबलेली, समोरून समुद्राचा गार वारा. पुन्हा बसमध्ये चढलो, तर बस बोटीत शिरल्यावर परत उतरायचं, कारण बोट चालू असताना गाड्यांच्या डेकवर कोणाला बसू देत नाहीत. सकाळी पॅरिसला पोचलो तेव्हा हॉटेलची खोली मिळायला दुपार होणार होती. ती लॉबीतल्या खुर्चीत शाल पांघरून झोपली. वाचवलेल्या पैशांचं मला काहीच वाटेना.

बोटीचीच हौस असेल तर इंग्लंडच्या न्यूहेवनहून फ्रान्सच्या दिएपला चार तासांची फेरी आहे, दोन्ही टोकांना रेल्वे. पूर्ण दिवस जातो, पण निघताना खडूचे पांढरेशुभ्र कडे दिसतात. दोघांनीच, निवांत जायचं असेल तर.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. शेंगेन वेगळा काढावा लागतो. तो भारतातूनच काढून या. आणि अजून मुंबईचं तिकीट काढलं नसेल तर माझं ऐका: येताना मुंबई-लंडन आणि जाताना पॅरिस-मुंबई असं काढा. पॅरिसहून मुंबईला थेट विमान आहे. मोठ्या बॅगा युरोस्टारमध्ये तशाच चढतात, लंडनला परत यायचा खर्च वाचतो आणि पॅरिसला एक दिवस जास्त मिळतो. त्या दिवशी गार द्यु नोरच्या मागे ला शापेलला चालत जा. श्रीलंकेच्या तमिळ लोकांची वस्ती आहे, गरम डोसा मिळतो. आईने तिथे दोन खाल्ले.