घरचा लॅपटॉप, प्रशिक्षकासोबतची सत्रे की आधी संवादोपचार? सायकोसिसचा धोका असलेल्या किशोरांसाठी बोधात्मक प्रशिक्षणाचा तुलनात्मक आढावा

मागच्या पावसाळ्यात अकरावीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडे होते आणि एकच उदाहरण त्याने चार वेळा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचताना पहिली ओळ निसटलेली असे. आईने नागपुरातल्या गोकुळपेठच्या बाजारातून तीन वस्तू आणायला सांगितल्या, तर तो एक घेऊन परत येई आणि दोन राहिल्या हेही त्याच्या लक्षात नसे. त्याच सुमारास क्लासमधली मुले आपल्याविषयीच कुजबुजतात असे त्याला वाटू लागले होते आणि रात्री कधी कोणी नावाने हाक मारल्याचा भास होई. तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, हाक खरी नसते हे मला कळतं, पण ऐकू येते."

त्याच्या वडिलांचा प्रश्न सरळ होता. मेंदूला व्यायाम देणारे संगणकीय कार्यक्रम घरीच सुरू करावेत, प्रशिक्षित व्यक्तीसोबतच्या सत्रांना न्यावे, की हे सारे बाजूला ठेवून आधी त्याच्याशी नीट बोलणारा मानसोपचारक शोधावा? शाळेत समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मला इतरही घरांतून विचारला गेला आहे, म्हणून तिन्ही मार्ग येथे शेजारी शेजारी ठेवते. माझे मत आधीच सांगते : 'याने आजार (सायकोसिस, म्हणजे भास-संशय खरे वाटू लागून वास्तवाचे भान सुटणे) टळेल का' या एकाच कसोटीवर हे मार्ग तोलले तर निवड चुकते, 'आज मुलाचे नेमके काय अडले आहे' असे विचारून तोलले तर ती बहुधा बरोबर येते.

'धोका' या शब्दाचा अर्थही आधी समजून घ्यावा. मेलबर्न येथे 1994 मध्ये सुरू झालेल्या 'पेस' दवाखान्याच्या कामातून धोका ओळखण्याचे जे निकष रूढ झाले, त्यांत मुख्यतः तीन प्रकारची मुले येतात : ज्यांना सौम्य स्वरूपाचे भास किंवा संशय आहेत पण ते खरे नसावेत अशी शंका अजून शाबूत आहे, ज्यांना पूर्ण लक्षणे अगदी थोडे दिवस येऊन आपोआप ओसरली, आणि ज्यांच्या जवळच्या नात्यात हा आजार असून स्वतःचे शाळा-घरातले कामकाज स्पष्टपणे घसरले आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला, तर अशांपैकी सुमारे 25 टक्क्यांना तीन वर्षांत सायकोसिस होतो. म्हणजे चारांतल्या तिघांना त्या काळात तो होत नाही, आणि ही गोष्ट मी प्रत्येक आईवडिलांना दोनदा सांगते. मात्र त्या तिघांचेही सारे आलबेल असते असे नाही. चिंता, नैराश्य, मित्रांपासून तुटणे आणि अभ्यासातली घसरण त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला येते, आणि ऐकलेले लक्षात ठेवणे, लक्ष टिकवणे, काम वेगाने उरकणे या क्षमता समवयस्कांच्या मानाने थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी आढळतात. बोधात्मक प्रशिक्षण, ज्याला डॉक्टर कॉग्निटिव्ह ट्रेनिंग म्हणतात, ते या क्षमतांसाठी आहे.

पहिला मार्ग घरच्या लॅपटॉपवरचा. संशोधनात वापरल्या गेलेल्या कार्यक्रमांचे स्वरूप खेळासारखे दिसते, पण तो खेळ नव्हे. उदाहरणार्थ, श्रवणावर आधारित एका सरावात कानावरच्या हेडफोनमधून दोन छोटे स्वर येतात, एक चढणारा आणि एक उतरणारा, आणि कोणता आधी आला ते बटण दाबून सांगायचे असते. उत्तरे बरोबर येऊ लागली की स्वर आखूड होतात, त्यांच्यातले अंतर कमी होते. चुकू लागली की कार्यक्रम थोडा सैलावतो. पुढच्या सरावांत अक्षरे, मग शब्द, मग सूचनांच्या साखळ्या येतात. त्यामागचा विचार असा की कानावर पडलेले धूसरपणे नोंदले गेले तर पुढे ते लक्षात राहणेही अवघड जाते, म्हणून पाया आधी पक्का करावा.

सॅन फ्रान्सिस्को येथील गटाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत धोका असलेल्या 83 किशोर व तरुणांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. एका गटाने असे श्रवण-प्रशिक्षण घरी आठ आठवड्यांत 40 तास करायचे होते आणि दुसऱ्याने तेवढाच वेळ साधे संगणकीय खेळ खेळायचे होते. प्रशिक्षण घेतलेल्यांची शाब्दिक स्मृती सुधारली. मात्र भास-संशयाच्या लक्षणांबाबत दोन गटांमध्ये फरक आढळला नाही, आणि बरीच मुले शेवटपर्यंत टिकली नाहीत. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात 62 जणांमध्ये टॅब्लेटवर कामाच्या वेगाचा सराव दोन महिन्यांत 30 तास दिल्यावर वेग तर वाढलाच, शिवाय माणसांत मिसळणेही काहीसे सुधारले. हे निष्कर्ष आशादायक आहेत, पण अभ्यास छोटे आहेत, हे विसरून चालणार नाही.

आठ आठवड्यांत 40 तास म्हणजे रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास आणि संध्याकाळी पुन्हा टेस्ट सिरीज अशा आपल्याकडच्या वेळापत्रकात हा तास कुठून निघणार, याचे उत्तर सुरुवातीलाच शोधायला हवे. दिवसभराने थकलेल्या मुलाला रात्री दहा वाजता हेडफोन लावून बसवले, तर तो तास आणि त्यापुढची झोप दोन्ही वाया जातात. भाषेचाही विचार करावा. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इंग्रजी ध्वनी आणि इंग्रजी गोष्टींवर आधारलेला सराव दिला, तर तेथे त्याची स्मृती तपासली जाते की त्याचे इंग्रजी, हे सांगता येत नाही.

दुसरा मार्ग प्रशिक्षकासोबतचा. येथे संगणक असेलही, पण शेजारी माणूस असतो. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे सायकोसिसच्या एका दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराचे, निदान पक्के झालेल्या रुग्णांवरच्या शंभराहून अधिक अभ्यासांतून एवढे स्पष्ट झाले आहे की नुसत्या सरावापेक्षा चार गोष्टी एकत्र आल्या की फायदा जास्त होतो : सक्रिय प्रशिक्षक, भरपूर पुनरावृत्ती, युक्त्या शिकवणे आणि शिकलेले रोजच्या आयुष्यात उतरवणे. चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. स्क्रीनवर बारा शब्द लक्षात राहू लागले म्हणून बाजारातल्या तीन वस्तू आपोआप लक्षात राहतील असे नाही. त्यासाठी कोणीतरी मुलाजवळ बसून म्हणावे लागते की या तीन वस्तूंची तू मनात कशी जोडी लावशील, सांग पाहू. आमच्या त्या मुलाला वहीच्या समासात प्रत्येक ओळीचा एकच शब्द लिहायची सवय लावली, आणि पुढच्या आठवड्यात उदाहरण दुसऱ्या वाचनात सुटले. ही युक्ती साधी आहे, पण ती त्याच्याच पुस्तकावर, त्याच्याच हाताने झाली.

हा मार्ग निर्दोष आहे असे मात्र नव्हे. कोपनहेगन येथील 146 जणांच्या चाचणीत, ज्याचे निष्कर्ष 2020 मध्ये आले, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला वीस आठवड्यांचे असे प्रशिक्षण दिले गेले, आणि एकूण बोधात्मक गुणांवर त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. हजेरीच अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. या निकालावरून प्रशिक्षण निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पण धोक्याच्या टप्प्यावरचे मूल आधीच खचलेले असते, त्याला आठवड्यातून दोनदा घराबाहेर काढणे हेच मोठे काम असते, हे मी त्यातून घेते. कामठी किंवा हिंगण्याहून शहरात येणाऱ्या घराने प्रवासाचा वेळ आणि आईवडिलांपैकी कोणाची रजा, हे सारे धरूनच होकार द्यावा.

तिसरा मार्ग म्हणजे संवादोपचार, त्यातही सीबीटी (विचार आणि वागणे तपासून बदलायला शिकवणारा उपचार) आणि कुटुंबासह होणारी सत्रे. येथे लक्ष्य वेगळे आहे. सीबीटीमध्ये मुलगा आपल्या संशयाकडे पुरावा तपासल्यासारखा पाहायला शिकतो : क्लासमधली मुले हसली तेव्हा आणखी कोणते कारण असू शकेल, मी उडी मारून निष्कर्षाला पोहोचलो का? नेदरलँड्समधील 201 जणांच्या चाचणीत, 2012 साली, अठरा महिन्यांत सीबीटी घेतलेल्या गटात 10 जणांना सायकोसिस झाला, तर नेहमीचेच उपचार घेतलेल्या गटात 22 जणांना. त्याच वर्षी ब्रिटनमधील 288 जणांच्या चाचणीत असा फरक आढळला नाही, मात्र लक्षणांची तीव्रता कमी झाली. ब्रिटनची नाइस ही मार्गदर्शक संस्था या टप्प्यावर सीबीटी सुचवते आणि केवळ प्रतिबंध म्हणून सायकोसिसविरोधी औषधे देऊ नयेत असे सांगते. कुटुंबासह उपचारांच्या उत्तर अमेरिकेतील 129 जणांच्या चाचणीत सहा महिन्यांत 18 सत्रे घेतलेल्यांची सौम्य लक्षणे, केवळ तीन माहितीपर सत्रे मिळालेल्यांपेक्षा अधिक कमी झाली. आपल्याकडे मूल बहुधा घरातच असते आणि आजी, काका, आत्या सगळेच बोलत असतात. घरातले टोमणे थांबणे हा येथे उपचाराचाच भाग ठरतो.

प्रशिक्षण आणि संवादोपचार या दोन टोकांना जोडणारा एक जर्मन अभ्यास मला विशेष वाटतो. 2012 च्या त्या चाचणीत 128 जण होते आणि सीबीटी, सामाजिक कौशल्ये, कुटुंबाचे प्रबोधन व बोधात्मक प्रशिक्षण असे सारे एकत्र दिलेल्या गटात वर्षभरात 3.2 टक्क्यांना सायकोसिस झाला, तर केवळ आधार देणारे समुपदेशन मिळालेल्यांत 16.9 टक्क्यांना. हे श्रेय एकट्या प्रशिक्षणाचे नव्हे, आणि 'आजार टळतो' म्हणून केवळ सॉफ्टवेअर विकणाऱ्याने हा आकडा पुढे करू नये. धोका टाळण्याचे सोपे उपाय सापडल्यासारखे वाटते आणि मोठ्या चाचणीत ते टिकत नाहीत, हे माशांच्या तेलात असणाऱ्या ओमेगा-3 या स्निग्ध घटकाबाबतही घडले : व्हिएन्नातील 81 जणांच्या 2010 च्या अभ्यासाने मोठी आशा दाखवली, पण 2017 च्या 304 जणांच्या चाचणीत तसा परिणाम मिळाला नाही.

स्मरणशक्ती वाढवण्याच्या, मेंदूचा मधला भाग जागवण्याच्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याच्या शिबिरांचा मी या तुलनेत समावेश केलेला नाही, आणि पालकांनीही करू नये. ओळखीच्या एका घराने अशाच एका शिबिरात पूर्ण फी भरली आणि त्यात त्यांचे चार महिने गेले. त्या काळात मुलीचे भास वाढले होते. अमेरिकेत ल्युमोसिटी या मेंदू-खेळांच्या कंपनीला अतिशयोक्त जाहिरातींबद्दल 2016 मध्ये 20 लाख डॉलर भरावे लागले, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

नागपुरात सुरुवात कुठून करावी? मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथे मनोविकारशास्त्राचे विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, खासगी मनोविकारतज्ज्ञही आहेत. पागलखाना चौक या नावाने पिढ्यानपिढ्या घातलेली भीती पालकांना प्रादेशिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या दारातूनच परत फिरवते, याचे मला फार वाईट वाटते. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात : येथे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहेत का, प्रशिक्षणाआधी व नंतर स्मृती आणि लक्ष यांची चाचणी होईल का, आणि शिकलेले शाळेच्या कामात उतरवण्यासाठी कोण बसणार? तिसऱ्याचे उत्तर 'कोणीच नाही' असेल, तर ती भूमिका घरातल्या एखाद्या ताई-दादाला द्यावी. फोनवर सल्ला हवा असेल तर टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे.

आता निवड. भास किंवा संशय मुलाला छळत असेल, झोप उडाली असेल, तो गांजा घेत असेल किंवा घरात रोज वाद होत असतील, तर आधी संवादोपचार, प्रशिक्षण नंतर. आवाज आज्ञा देत असतील, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल, किंवा 'हाक खरी नसते' हे भान सुटले असेल, तर यातले काहीही नको, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. लक्षणे सौम्य व स्थिर आहेत पण वाचन, टिपणे, सूचना यांत मूल अडकते आहे, तर प्रशिक्षकासोबतची सत्रे. आणि येजा शक्यच नसेल, मुलाला संगणकाची गोडी असेल, तर घरचे प्रशिक्षण, पण आठवड्यातून एकदा कोणी तरी शेजारी बसेल या अटीवर. डॉक्टरांनी सुरू केलेले कोणतेही औषध प्रशिक्षणाच्या भरवशावर बंद करू नये.

वेळेबाबत एक सुचवावेसे वाटते. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर, जानेवारी-फेब्रुवारीत, हे सुरू करू नये. एप्रिल-मेच्या सुट्टीत आठ आठवडे सलग मिळतात, आणि पंचेचाळीस अंशांच्या त्या दुपारी मुले तशीही घरातच असतात. आमच्या मुलाने आधी तीन महिने संवादोपचार घेतला, हाक मागे पडली, आणि मग सुट्टीत सकाळी नऊ ते दहा हा तास त्याने स्वतः निवडला. पहिल्या दोन आठवड्यांत तो दोनदा कंटाळून उठला. तेव्हा आईने तास अर्ध्यावर आणला, बंद केला नाही.