कार्बन मोनॉक्साइड अलार्म : डोंगरवस्तीतील तीन हिवाळ्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

बर्फ पडणाऱ्या डोंगरवस्तीत हिवाळ्याची तयारी म्हटली की बर्फ उपसायची फावडी, बुटांखाली बांधायचे खिळ्यांचे पट्टे, कोरडे सरपण आणि जास्तीच्या बॅटऱ्या यांचा विचार सर्वांच्या मनात आधी येतो. तळहाताएवढ्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही, कारण ज्या विषारी वायूची सूचना तो देतो तो डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. आमच्या वस्तीने तीन हिवाळ्यांपूर्वी हे अलार्म एकत्रितपणे विकत घेतले आणि प्रत्येक घरात दोन बसवले, एक झोपण्याच्या खोलीबाहेर आणि दुसरा हीटर किंवा चूल असलेल्या खोलीत. आमचे मॉडेल इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचे, म्हणजे वायूच्या रासायनिक क्रियेतून निर्माण होणाऱ्या विजेवरून त्याचे प्रमाण मोजणारे, आहे, त्याची बॅटरी सीलबंद आहे, हवेतील वायूचे प्रमाण दाखवणारा छोटा पडदा त्याला आहे आणि ते ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेले आहे. पुढील मत या प्रकारच्या अलार्मविषयी आहे, कोणत्याही एका कंपनीविषयी नाही.

उंचावर राहणाऱ्यांना या वायूची भीती अधिक का, हे आधी सांगणे आवश्यक आहे. समुद्रसपाटीपासून २००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने कमी असतो, म्हणजे चुलीत किंवा हीटरमध्ये शिरणाऱ्या तेवढ्याच हवेतून ज्वालेला कमी ऑक्सिजन मिळतो. सखल भागासाठी जुळवलेले उपकरण तसेच वर आणून लावले, तर इंधन अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते. त्यातच थंडीमुळे खिडक्यांच्या फटी बुजवलेल्या असतात, आणि हीटरचा धूर भिंतीतून बाहेर सोडणारा नळ जमिनीपासून फार उंच नसेल तर छपरावरून घसरलेला बर्फ एका रात्रीत त्याचे तोंड बंद करतो. वीज गेली की कोणी जनरेटर पडवीत आणून लावतो, तर कोणी निखाऱ्यांची शेगडी आत घेतो. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात धुमसणाऱ्या कोळशातून हा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्टपणे कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवते, आणि उंचीमुळे ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन मुळातच थोडा कमी असतो त्यांना याचा फटका लवकर बसतो.

अलार्म केव्हा वाजतो याविषयी आमच्या वस्तीत बराच गैरसमज होता, आणि माहितीपत्रकातील बारीक अक्षरे वाचेपर्यंत तो माझाही होता. हवेत वायू आल्याबरोबर तो वाजत नाही. किती प्रमाण किती वेळ टिकले यावर त्याचा निर्णय ठरतो. युरोपीय मानकानुसार ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग, एवढे प्रमाण असेल तर ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत त्याने वाजलेच पाहिजे. ३० पीपीएमला मात्र पहिले दोन तास त्याने वाजता कामा नये. ही रचना निरोगी प्रौढ माणसाला बेशुद्ध होण्याआधी बाहेर काढण्यासाठी केलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा दर घनमीटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण साडेतीन पीपीएम, इतकी खाली आहे. म्हणून घरात गर्भवती स्त्री, तान्हे मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर अलार्म गप्प आहे एवढ्यावर विसंबू नये आणि पडद्यावरचा आकडा रोज पाहावा. पडदा नसलेले स्वस्त मॉडेल घेऊ नये असे मी आग्रहाने सांगतो, त्याचे कारण हेच आहे.

दुसऱ्या हिवाळ्यातील एका पहाटे या अलार्मची खरी परीक्षा झाली. रात्रभर बर्फ पडत होता आणि तीनच्या सुमारास वरच्या घरातील काकूंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “अहो, ते यंत्र सारखं ओरडतंय. यांनी रजईत गुंडाळून कपाटात ठेवलंय, तरी थांबत नाही. माझं डोकं मात्र फार दुखतंय.” काकांना वाटले होते की बॅटरी संपत आली आहे. मी त्यांना काही आवरत न बसता दोघांनीही तसेच बाहेर यायला सांगितले, बचाव पथकाला फोन केला आणि शेजारच्या घरातील मुलाला घेऊन वर गेलो. दोघे पायरीवर उभे होते. काकूंच्या हातात रजईसकट ते यंत्र होते. मी रजई बाजूला केली तेव्हा पडद्यावर ४८ दिसत होते, कारण बाहेरच्या हवेत आकडा उतरू लागला होता. पण कमाल नोंदीचे बटण दाबताच १६२ आले. हीटरच्या नळाचे तोंड छपरावरून कोसळलेल्या बर्फाखाली कोपरभर खोल गाडले गेले होते. पथक येईपर्यंत आम्ही कोणीही आत गेलो नाही.

त्या रात्रीची एक गोष्ट मी मुद्दाम लिहीत आहे, कारण तीच चूक कोणत्याही घरात होऊ शकते. माझ्या घरी आल्यावर आम्ही काकूंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. त्यावर ९७ आले आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. बचाव पथकातील परिचारिकेने तो लगेच काढायला लावला. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतील फरक कळत नाही, त्यामुळे विषबाधा झालेल्या माणसाचा आकडाही उत्तम दिसू शकतो. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते सहा तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तोच काळ साधारण सव्वा ते दीड तासावर येतो. दोघांनाही ऑक्सिजन दिला गेला आणि दुपारपर्यंत काकूंची डोकेदुखी गेली. अलार्मने आपले काम चोख केले होते. त्याचा आवाज ओळखण्याचे काम मात्र आम्ही कोणालाच शिकवले नव्हते.

येथे मी उत्पादकांना दोष देतो. आमच्या मॉडेलमध्ये धोक्याच्या वेळी चार सलग आवाज, मग विराम आणि पुन्हा चार आवाज असा क्रम आहे, तर बॅटरी उतरल्यावर किंवा सेन्सरचे आयुष्य संपल्यावर अधूनमधून एकच बारीक चीत्कार होतो. कागदावर हा फरक स्पष्ट दिसतो. पहाटे तीन वाजता, डोके जड झालेल्या सत्तरीच्या माणसाला तो कळेल अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. “घराबाहेर पडा” असे माणसाच्या आवाजात सांगणारी मॉडेले उपलब्ध आहेत, आणि वयस्कर लोकांच्या घरांसाठी तीच घ्यावीत असे आता माझे ठाम मत झाले आहे. आवाजाची पट्टी हाही असाच प्रश्न आहे. बहुतेक अलार्मचा स्वर ३००० हर्ट्झच्या आसपास म्हणजे बराच उंच असतो, आणि वयानुसार ऐकण्याची क्षमता नेमकी उंच स्वरांपासून कमी होत जाते. ५२० हर्ट्झचा खालचा स्वर झोपलेल्या वयस्कर माणसाला अधिक खात्रीने जागा करतो. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी उशीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही जोडता येते. आमच्या मॉडेलमध्ये यांपैकी काहीही नाही. त्यातील दोन अलार्म एकमेकांशी जोडलेलेही नाहीत, त्यामुळे खालच्या मजल्यावरचा वाजला तर वर बंद दाराआड तो अस्पष्टच ऐकू येतो.

टेस्ट बटणाविषयीही सावध राहावे. ते दाबल्यावर भोंगा, बॅटरी आणि विद्युतमंडल नीट आहे एवढेच बहुतेक मॉडेलमध्ये कळते. सेन्सर वायू ओळखतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. सेन्सर मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षांत निकामी होतो आणि ती तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. आम्ही ती जाड पेनाने पुढच्या बाजूला लिहून ठेवली आहे.

एका घरात अलार्म तीन वेळा कारणाविना वाजला, आणि ते कुटुंब तो काढून टाकण्याच्या विचारात होते. शोध घेतला तेव्हा जिन्याखाली इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी आढळली. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर हायड्रोजनलाही काही प्रमाणात प्रतिसाद देतो. बॅटरीची जागा बदलून तेथे हवा खेळती केल्यावर तक्रार थांबली. खोटा वाटणारा इशारा ऐकून अलार्म उतरवण्याऐवजी त्याचे कारण शोधावे, हे त्या घराने आमच्यासाठी करून दाखवले. बसवण्याच्या जागेबाबत सर्वांत जास्त आढळलेली चूक म्हणजे तो जमिनीलगत लावणे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि त्याचा डिटेक्टर खाली लावतात, म्हणून हाही खालीच असावा असे लोक धरून चालतात. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि खोलीभर मिसळतो. त्यामुळे झोपण्याच्या खोलीत तो श्वासाच्या उंचीवर आणि हीटरच्या खोलीत उपकरणापासून एक ते तीन मीटर अंतरावर लावावा. ही दोन वेगवेगळी उपकरणे आहेत आणि एक दुसऱ्याचे काम करत नाही. न्हाणीघराची वाफ, खिडकीच्या पडद्यामागची जागा आणि गोठवणारी थंड पडवी येथे तो लावू नये. उन्हाळ्यातील वणव्याच्या धुरासाठीही त्याचा उपयोग नाही, कारण त्या धुरातील मुख्य धोका सूक्ष्म कणांचा असतो.

कोळशाच्या खाणींत पूर्वी याच वायूसाठी कॅनरी पक्षी नेत असत. लहान शरीर आणि वेगवान श्वास यांमुळे माणसाच्या आधी पक्षी कोसळत असे. शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात लहान प्राण्यांच्या या वापराचा पुरस्कार केला, आणि ब्रिटनमधील खाणींत पक्ष्यांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेण्याचा निर्णय १९८६ साली झाला. पक्ष्याकडे लक्ष ठेवणारा माणूस पिंजऱ्याजवळ असल्याशिवाय त्या पक्ष्याचा उपयोग नव्हता, हे मला त्या पहाटेनंतर नीट समजले.

म्हणून तिसऱ्या हिवाळ्यापासून आम्ही घरांच्या जोड्या लावल्या आहेत. प्रत्येक जोडीतील घरांकडे एकमेकांची किल्ली असते, आणि बर्फ पडून थांबला की आपल्या दाराआधी शेजाऱ्याच्या हीटरचा नळ मोकळा झाला आहे की नाही ते पाहायचे, असे ठरले आहे. मोटार सुरू करण्याआधी तिच्या धूर सोडणाऱ्या नळीभोवतीचा बर्फ काढायचा, आणि जनरेटर घरापासून किमान सहा मीटर दूर, दारेखिडक्यांकडे तोंड न करता ठेवायचा, हेही प्रत्येक घराने मान्य केले आहे. शरद ऋतूत एका रविवारी सर्व धुराडी उघडून पाहिली जातात, कारण वसंतात पक्षी त्यांत घरटी करतात. या वर्षी दोन धुराड्यांत काड्यांचे जाड थर निघाले. त्याच दिवशी प्रत्येक घरात धोक्याचा आवाज आणि बॅटरीचा आवाज मुलांपासून आजीआजोबांपर्यंत सर्वांना ऐकवला जातो. घरातील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळू लागले, ताप मात्र नाही, आणि बाहेर पडल्यावर बरे वाटले, तर अलार्म वाजण्याची वाट पाहू नये, हेही तेव्हाच सांगितले जाते.

ज्या घरात लाकूड, कोळसा, गॅस किंवा तेल जळते, किंवा ज्याला लागून मोटारीची खोली आहे, तेथे पडदा आणि कमाल नोंद असलेला असा अलार्म घ्यावाच. नव्याने घेणाऱ्यांनी एकमेकांशी जोडले जाणारे आणि शब्दांत बोलणारे मॉडेल निवडावे. आमचे अलार्म छापील तारीख संपली की आम्हीही तेच घेणार आहोत. तोपर्यंत काकूंच्या घराच्या भिंतीलगत, हीटरच्या नळाशेजारी, आम्ही पुरुषभर उंचीची एक काठी रोवली आहे आणि तिच्या टोकाला लाल रंग दिला आहे. बर्फ कितीही साचला तरी फावडे नेमके कोठे घालायचे, ते आता वस्तीतील लहान मुलांनाही ठाऊक आहे.