बोर्डवरची सिरॅमिक अँटेना की दोन लांब वायरी?

मीटरभर पंखांच्या, रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानात २.४ गिगाहर्ट्झचा छोटा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा बोर्ड) बसवायचा, तर दोन प्रकार समोर येतात. एकात सिरॅमिक अँटेना बोर्डवरच बसवलेली असते, दुसऱ्यात बोर्डमधून कोअ‍ॅक्सच्या (जाळीचं आवरण असलेल्या केबलच्या) दोन बारीक वायरी निघतात. मी दोन्ही उडवलेत. रेंजच्या आकड्यांत शिरत नाही, कागदावर दोघांचीही रेंज आपल्या नजरेच्या पलीकडची असते.

सिरॅमिकवाला वजनाला नगण्य, बसवायला सोपा, आणि विमान आपटलं तरी उपटून येईल असं त्यात काही नाही. हॉलमध्ये किंवा लहान मैदानावर उडणाऱ्या हलक्या विमानात मी आजही तोच लावतो.

अडतं ते बॅटरीपाशी. अँटेना बोर्डवर, म्हणजे रिसीव्हर जिथे, तिथेच अँटेना. विमानाच्या पोटात जागा ती केवढी! सीजी (विमानाचा तोल साधणारा गुरुत्वमध्य) जुळवायला बॅटरी मागे सरकवली की ती थेट रिसीव्हरला टेकते. माझ्या विमानात टेलिमेट्रीचा (विमानाकडून रिमोटवर येणाऱ्या माहितीचा) सिग्नल कमी झाल्याचा इशारा एका ठरलेल्या वेळीच वाजायचा: लांबून नाक माझ्याकडे करून परत येताना. तेव्हा मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि बॅटरी अँटेनाच्या नेमकी आड येतात. तेवढ्याच अंतरावर विमान पाठमोरं असलं की सगळं शांत. फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप लागणारी सुरक्षित स्थिती) कधी लागला नाही, हे खरं. पण वेगळ्या वजनाची बॅटरी घातली की सिग्नलची धाकधूक नव्याने सुरू, याचा मला वैताग आला.

वायरींचीही कटकट आहेच. खरी अँटेना म्हणजे टोकाचा साधारण ३१ मिलिमीटरचा उघडा तुकडा, लहरीच्या लांबीचा पाव भाग. मागची सगळी नुसती केबल. तो तुकडा सरळ हवा, कार्बनच्या रॉडला लगटलेला नको. दोन्ही तुकडे एकमेकांशी काटकोनात हवेत, कारण टोकाच्या रोखाने अँटेनाला सर्वांत कमी ऐकू येतं; एकीचं टोक हातातल्या ट्रान्समीटरकडे (रिमोटकडे) वळलं तरी दुसरी आडवी सापडते. (स्वस्त रिसीव्हरमध्ये वायरी दोन आणि सिग्नल पकडणारा रेडिओ एकच, असंही असतं. तरी काटकोनाचा फायदा मिळतोच.) बोर्डवरचं इवलंसं कनेक्टर दणक्याने निघतं, त्यावर गरम गोंदाचा थेंब लागतोच.

एवढं करूनही माझा कल वायरींकडे. रिसीव्हर बॅटरीला चिकटून बसला तरी टोकं पंखाच्या मागे नेता येतात, मग बॅटरी हवी तिथे सरकवा. फ्यूजलाज (विमानाचं धड) कार्बनचं असेल तर प्रश्नच नाही, टोकं बाहेरच काढावी लागतात. तुम्ही फक्त फोमचं हलकं विमान जवळपास फिरवणार असाल, तर सिरॅमिकला नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही.

कुठलाही घ्या, रेंज चेक (जमिनीवरच सिग्नलची चाचणी) मोटर चालू ठेवून करा. विमान मागून घट्ट धरणाऱ्याला ते सावकाश गोल फिरवायला सांगा, आणि नाक तुमच्याकडे असताना सिग्नल किती पडतो ते बघा.