अलंकारांची यादी की उताऱ्यांचा सराव? इंग्रजीच्या उजळणीत आधी काय

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीकडची पुष्कळ मुलं प्राथमिक शाळा मराठीतून करतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. दहावी-बारावीच्या तोंडावर त्यांच्या घरी प्रश्न पडतो: उरलेल्या वेळात फिगर्स ऑफ स्पीचची, म्हणजे अलंकारांची, यादी घोटून घ्यावी, की अनसीन पॅसेज, म्हणजे आधी न वाचलेले उतारे, सोडवत बसावं? यादीला पसंती जास्त मिळते, कारण ती लवकर संपते आणि काहीतरी झाल्याचं समाधान देते. मी उताऱ्यांच्या बाजूचा आहे, पण सरसकट नाही.

यादी खरंच स्वस्त पडते. ज्याने शाळेत मराठी विषय घेतलाय त्याला उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास, अतिशयोक्ती ठाऊक असतात. सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, अलिटरेशन, हायपरबोल म्हणजे त्याची जुनीच ओळख. दोन-तीन संध्याकाळी पुरे. अडतं ते आयरनीपाशी, म्हणजे वाटतं एक आणि असतं भलतंच अशा ठिकाणी, आणि तिथेही गोव्याच्या मुलाला व्याख्येची गरज नाही. जत्रेच्या नाटकात खलनायक पडद्याआड उभा असतो, प्रेक्षकांना तो दिसतो आणि नायक मात्र बेफिकीर बोलत राहतो. ही ड्रमॅटिक आयरनी.

गाडी अडते ती पुढे. समजा उताऱ्यात असं आहे: काका धक्क्यावर पोचला तेव्हा शेवटची फेरीबोट सुटली होती. नदीने तिचा दिवा गिळला. काकाने घड्याळाकडे पाहिलंही नाही. चपला काढून तो पायरीवर ऐसपैस बसला.

यादी पाठ केलेला मुलगा ‘गिळला’वर झडप घालतो आणि मेटाफर की पर्सोनिफिकेशन यावर वाद घालतो. दोन्हींची बाजू मांडता येते. पण परिणाम विचारला तर नाव लिहून भागत नाही. गिळण्यातला अंधार, दिवा एकदम नाहीसा होणं, हे लिहावं लागतं. आणि ‘बोट चुकल्याचं काकाला वाईट वाटलं का?’ असं विचारलं, की निम्मी मुलं ‘हो, बिचाऱ्याला उशीर झाला’ असं ठोकून देतात. हे उत्तर उताऱ्यातलं नाही, स्वतःच्या मनातलं. घड्याळ न पाहणं, चपला काढणं, ऐसपैस बसणं हे तीन पुरावे उलट साक्ष देतात. इन्फरन्सचा (न लिहिलेलं ताडून काढण्याचा) प्रश्न म्हणजे असे पुरावे बोट ठेवून दाखवणं, आणि ती सवय यादीतून लागत नाही.

हा दोष शाळकरी मुलांपुरता नाही. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज विद्यापीठात कवींची नावं झाकून कविता वाचायला दिल्या आणि आलेल्या उत्तरांवर १९२९ साली पुस्तक काढलं. वाचकांच्या दहा अडचणींत त्यांनी पहिली नोंदवली ती सरळ अर्थ न लागण्याची. केंब्रिजची ही कथा, तर आपल्या पोरांना कशाला बोल लावायचा!

मात्र उताऱ्यांचा सरावही आंधळेपणाने केला तर वेळखाऊ ठरतो. रोज पाच उतारे सोडवून उत्तरसूचीशी टिक जुळवण्यात अर्थ नाही. एकच सोडवा, प्रत्येक उत्तराखाली ते ज्या ओळीतून आलं ती ओळ लिहा. मग पुस्तक मिटून उताऱ्याचा गोषवारा आठवून सांगा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पारडं आठवून काढणाऱ्यांकडे झुकलं. विषयाची माहिती हाही मोठा आधार असतो. १९८८ च्या एका अमेरिकी अभ्यासात बेसबॉल जाणणाऱ्या कच्च्या वाचकांनी, खेळ न जाणणाऱ्या चांगल्या वाचकांना त्या विषयाच्या उताऱ्यावर मागे टाकलं. म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रातलं शेती, समुद्र, आरोग्य यांवरचं एखादं पान रोज वाचलेलं फुकट जात नाही. पणजीला जाणं-येणं असेल तर पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसा. संस्था १८३२ सालची आहे, इमारत नवी.

निवड करायची तर आधी जुने पेपर काढून कशाला किती गुण आहेत ते मोजा. हातात दहाच दिवस असतील तर यादी उरका आणि प्रत्येक अलंकाराला परिणामाचं एक वाक्य जोडा. दोन महिने असतील तर उताऱ्यांपासून सुरुवात करा, अलंकार त्यांतच भेटतील तसे वहीत टिपा. मुलगा वाचतो झकास पण लिहिताना गडबडतो, असं असेल तर दोन्ही थोडं बाजूला ठेवा आणि त्याच्याकडून रोज चार ओळींचं उत्तर लिहून घ्या.