कोन फिल्टर की पेटीतला सुती फिल्टर: क्लासिक ३५० वर दोन्ही वापरल्यानंतर

भाच्याने गेल्या महिन्यात जुनी, कार्बोरेटरवाली रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेतली आणि पहिल्याच रविवारी इंदूरच्या रामबागेत घरी येऊन विचारलं, "मामा, एअर फिल्टरची पेटी काढून कोन टाकू, की पेटी तशीच ठेवून आत सुती फिल्टर बसवू?" कोन म्हणजे थेट कार्बोरेटरच्या, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडाला लावायचा शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर. याच इंजिनावर मी दोन्ही वापरले आहेत. कोन वर्षभर होता, सुती चार वर्षांपासून आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आवाजाचं आधी बोलू, कारण बहुतेक जण त्याच्यासाठीच पेटी उघडतात. त्यात वावगं काही नाही, कोनचा आवाज खरोखर सुंदर असतो. सायलेन्सरचा आवाज मागे, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जातो. हा आवाज आपल्या मांडीखालून येतो आणि जवळजवळ आपल्यापुरताच असतो. इनटेक व्हॉल्व्ह (इंजिनात हवा घेणारी झडप) बंद झाला की हवेचा धक्का उलटा फिरून कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येतो. कंपनीची पेटी तो आतल्या आत जिरवते. पेटी गेली की तो मोकळा सुटतो. म्हणून संथ चालीत गाडी शांत असते आणि रेस दिली की खर्जातला हुंकार येतो. रात्री सराफ्यात खाऊन परतताना रिकाम्या रस्त्यावर मी उगाच रेस सोडून पुन्हा द्यायचो, केवळ तो ऐकायला. पेटीतल्या सुती फिल्टरनेही आवाज थोडा भरदार होतो, पण आठवड्याभरात कान सरावतात. फक्त आवाजच हवा असेल तर कोनला तोड नाही.

आता पळण्याचं. त्या आवाजामुळे गाडी जोरात पळतेय असं वाटतं. मलाही सहा महिने तसंच वाटत होतं. मग एकदा महेश्वरहून परतताना जाम गेटच्या चढणीवर मित्र बरोबर होता. त्याची गाडी अशीच, पण मूळ कागदी फिल्टरची. दोघेही तिसऱ्या गिअरमध्ये, दोघांच्याही मागे एकेक जण. प्रत्येक वळणानंतर त्याची गाडी आधी उचलायची. माझी जरा मागे पडायची आणि सरळ रस्ता लागला की कुठे बरोबरीला यायची. याला मोजमाप म्हणता येणार नाही, वजनात फरक असेलही. पण कारण पटण्यासारखं आहे. ३४६ सीसीचं हे लांब स्ट्रोकचं इंजिन २८ न्यूटन मीटरचा टॉर्क (ओढण्याची ताकद) ४००० आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच, देतं आणि गावात आपण बहुतेक वेळ त्याच्याही खाली चालवतो. तिथे त्याला जास्तीची हवा नको असते, पेटीत साठलेली शांत, एकसारखी हवा हवी असते. मोकळ्या फिल्टरचा फायदा आरपीएम खूप वर गेल्यावर दिसतो आणि ही गाडी तिथे कोणी फारशी नेत नाही. सुती फिल्टरने गाडी किंचित मोकळी झाल्यासारखी मला वाटते. मात्र धुळीने भरलेला कागदी फिल्टर काढून नवा कागदीच टाकला तरी साधारण असंच वाटतं, हेही भाच्याला सांगितलं.

मी कोन काढला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळे. रेस द्यायला लागलं की अगदी सुरुवातीला, पहिल्या पाव भागात, इंजिन क्षणभर दबायचं. मोकळ्या रस्त्यावर ते कळतही नाही. राजवाड्याच्या गर्दीत मात्र पुढची ई-रिक्षा सरकली, आपण क्लच सोडत रेस दिली, की खक् करून गाडी बसायची. एकदा मागे आई होती आणि नेमकी चौकाच्या मधोमध गाडी बंद पडली. मागून बसचा हॉर्न. आई काही बोलली नाही, फक्त माझा खांदा घट्ट धरला. ती पकड मला अजून आठवते.

याचं मूळ या गाडीच्या २९ मिलिमीटरच्या सीव्ही कार्बोरेटरमध्ये आहे. आतली स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग) केबलने उचलली जात नाही, डायफ्रॅमच्या (रबरी पडद्याच्या) वर-खालच्या दाबातल्या फरकाने उचलली जाते. खालच्या बाजूची हवा कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून येते. कोनच्या रबरी गळ्याने ते छिद्र थोडं जरी झाकलं किंवा तिथे हवा घुसळली, तर स्लाइड वेळेवर उठत नाही. शिवाय हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण पातळ होतं. माझा स्पार्क प्लग पांढुरका पडला होता आणि रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट व्हायची.

मिस्त्री हुशार होते. त्यांनी मेन जेट (पेट्रोल ज्याच्या बारीक छिद्रातून येतं तो भाग) एक नंबर मोठा टाकला, स्लाइडच्या सुईखाली पातळ वॉशर घातला, कोनचा गळा छिद्रापाशी कापून दिला. ऑक्टोबरात गाडी छान झाली. डिसेंबरात थंडी पडली, हवा दाट झाली आणि सकाळी सकाळी पुन्हा तेच अडखळणं. पायलट स्क्रू (संथ चालीतलं मिश्रण ठरवणारा) फिरवला. मे महिन्यात पेट्रोल जास्त जायला लागलं, प्लग काळा. वर्षात पाच वेळा कार्बोरेटर उघडला. ज्याला यात रस आहे त्याला हे आवडेलही. मला सकाळी नऊला कामावर पोचायचं असतं.

सुतीतही एक खोट आहे, ती लपवत नाही. माळव्याची काळी माती वाळली की पिठासारखी उडते, आणि सोयाबीन निघालं की रस्त्याकडेला थ्रेशर चालतात तेव्हा तर विचारू नका. अगदी बारीक धूळ कागद जास्त चांगली अडवतो. सुती फिल्टर ती तेलाच्या चिकटपणावर धरतो, म्हणजे तेल सुकलं की संपलं. मी दिवाळीनंतर एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा धुतो: फिल्टरच्या साबणात भिजवायचा, आतून बाहेर हलक्या धारेने पाणी, मग सावलीत पूर्ण वाळवायचा. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कापड फाटतं. मग प्रत्येक घडीवर बेताने तेल. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर लावतो. नंतर कधीतरी पेटीच्या पुढच्या नळीत बोट फिरवून बघतो. बोट स्वच्छ आलं तर बरं. कोन होता तेव्हा कार्बोरेटरच्या तोंडाशी काळसर थर यायचा आणि पावसात त्यावर प्लास्टिक बांधावं लागायचं ते वेगळंच.

नव्या, इंजेक्शनवाल्या गाडीवर जेट बदलायची कटकट नाही. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सावरून घेतो, पण पूर्ण रेसमध्ये ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतःच्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो, तिथे त्याला वाढलेल्या हवेची नीट कल्पना नसते. वॉरंटीतल्या गाडीची पेटी तर मी उघडणारच नाही.

भाचा सध्या सुती बसवतोय. तुम्हाला तरीही कोनच हवा असेल तर तीन गोष्टी करा. डायफ्रॅमचं छिद्र मोकळं आहे ना ते स्वतः डोळ्यांनी बघा. जेटिंग ज्याच्याकडे कराल त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाता येईल, असाच मिस्त्री निवडा. आणि मूळ पेटी, तिच्या रबरी नळीसकट, घरी नीट ठेवा. मी ती भंगारात दिली होती आणि परत मिळवायला मला दीड महिना लागला.